दगडाबाईंकडची ट्रंक

दगडाबाई केणे आमच्या दालनात पहिल्यांदा आल्या त्या १९८६ सालच्या दसऱ्यानंतरच्या रविवारी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर लोखंडी ट्रंक, आणि मागून तोंड पाडून येणारा त्यांचा मुलगा आनंदा. कल्याणात एका तालमीच्या वरच्या मजल्यावर आमची खोली होती आणि तिचा जिना अरुंद, उभा. साठी उलटलेली बाई ते ओझं घेऊन तो जिना कशी चढली, मला अजून कळलेलं नाही. मुलाला तिने ट्रंकेला हात लावू दिला नव्हता.

दालन म्हणजे ती एकच खोली. हवालदार पंढरीनाथ दळवी सैन्यातून क्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि कल्याण-ठाण्याकडून कोण कोण लढाईवर गेलं याची त्यांनी यादी करायला घेतली. यादीबरोबर वस्तू येऊ लागल्या. कुणाच्या आजोबांचं मेडल, कुणाची पाण्याची बाटली, पोचे आलेलं एक शिरस्त्राण, एक बिगूल. तालमीच्या मंडळाने वरची खोली दिली, कुणी जुनी कपाटं दिली. पगारी माणूस एकही नव्हता. दर रविवारी नऊ ते एक दालन उघडं असायचं. मी कल्याणच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. दळवी शाळेत आले ते "सुंदर अक्षराचं कुणी आहे का" असं विचारत, आणि मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून नौपाड्याहून दर रविवारी मी तिथे. चिठ्ठ्या लिहायच्या, नोंदवही ठेवायची, आलेल्यांना माहिती सांगायची.

त्या दिवशी मी सवयीने वही उघडली.

"काय द्यायचंय, आजी?" असं विचारता विचारता 'लोखंडी ट्रंक, एक' असं लिहूनही टाकलं.

दगडाबाईंना वाचता येत नव्हतं, पण मी काय केलं ते त्यांना बरोबर कळलं.

"काय लिवलास? खोर त्या," त्या बोटाने ओळ खोडायची खूण करत म्हणाल्या. "मी देयाला नाय आयले. ही माजी नाय. हिचा धनी शोधून देयाचा हाय."

आनंदा मागून म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगा आता हिला. आम्ही नव्या बिल्डिंगमध्ये चाललोय. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं ही पेटी घरात आहे, कुलूपसुद्धा कुणी उघडलेलं नाही. मी बोललो, देऊन टाकू भंगारात. तर दोन दिवस जेवली नाही."

दळवींनी वही मिटली आणि दगडाबाईंना खुर्ची दिली. त्या जमिनीवरच बसल्या, ट्रंकेला पाठ टेकून.

पुढची हकीगत त्यांनी चार-पाच रविवार मिळून सांगितली. मी ती माझ्या शब्दांत सांगते.

दगडाबाई लग्न होऊन विठ्ठलवाडीच्या पलीकडच्या गावात आल्या आणि वर्ष-दोन वर्षांत तिथे लष्कराची छावणी पडली. दुसरं महायुद्ध चालू होतं. सासरे गोमाजी यांची निम्मी भातजमीन त्या छावणीत गेली. उरलेल्या तुकड्यावर ते भाजी लावायचे, दोन म्हशी होत्या, ताक आणि भाजी घेऊन बराकींकडे जायचे. देशभरातले शिपाई तिथे येऊन राहायचे आणि हुकूम आला की बोटीवर चढायला निघून जायचे. गोमाजींना त्यांच्यातल्या कुणाचं बोलणं कळायचं नाही. एकाचं कळलं. भागोजी त्याचं नाव, रत्नागिरीकडचा, वय असेल बावीस-तेवीस. त्याला तांदळाची भाकरी हवी होती. छावणीत गव्हाची रोटी खाऊन तो कंटाळला होता.

मग सुटीच्या दिवशी तो गोमाजींच्या घरी यायला लागला. उंबऱ्याशी बसून भाकरी आणि सुकट खायचा. सासूबाई त्याला मुलासारखं वाढायच्या. एकोणीस वर्षांची दगडाबाई आतून भाकरी थापून द्यायची. त्याच्यासमोर ती फार कधी आली नाही, पण दारातून सगळं बघत, ऐकत होती. तीनेक महिने हे चाललं. मग एका सकाळी तो घाईघाईने ट्रंक घेऊनच आला. निघायचा हुकूम आला होता, बरोबर फक्त पाठीवरचं सामान न्यायचं होतं.

"बाबा, ही तुमच्याकडं ठेवा," तो गोमाजींना म्हणाला. "कोठारात टाकली तर कुणाची कुणाला जाईल सांगता येत नाही. पाऊस सरला की येतो नि नेतो."

कुलपाची किल्ली तो गळ्यातल्या दोऱ्यात घालून घेऊन गेला.

पाऊस सरला, पुढचाही सरला. लढाई संपल्यावर गोमाजी छावणीच्या फाटकापर्यंत जाऊन आले, पण तिथल्या पंजाबी पहारेकऱ्याला त्यांचं बोलणं कळेना आणि त्यांना त्याचं. नंतर फाळणी झाली, बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले, आणि विचारायचं तरी कुणाला हेच उरलं नाही. गोमाजी वारले तेव्हा त्यांनी सुनेला जवळ बोलावून सांगितलं, "ट्रंकेचा कुलूप तोरायचा नाय. त्यो आयला का त्याचे हातान देयाची." जमिनीचं, म्हशींचं ते मुलाशी बोलले होते. हे एवढंच सुनेसाठी ठेवलं होतं.

दगडाबाईंचे यजमान राघो रेल्वेच्या शेडमध्ये कामाला होते. तेही अकाली गेले. त्यानंतर चार मुलं वाढवताना दगडाबाईंनी दोनदा घर बदललं. एकदा रस्त्यात गेलं म्हणून, एकदा भिंत खचली म्हणून. दोन्ही वेळा ट्रंक त्यांच्या डोक्यावरून गेली. एका वर्षी गावात गुडघाभर पाणी शिरलं. तेव्हा धान्याची कणगी भिजली, ट्रंक मात्र त्यांनी आधीच माळ्यावर चढवलेली. दर दिवाळीआधी ती बाहेरून पुसायची, तळाला रॉकेलचं बोट फिरवायचं, उन्हात ठेवायची. एवढं सगळं केलं, आणि आत काय आहे ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुम्हाला कधी बघावंसं नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटायचा ना," त्या म्हणाल्या. "पन मंग वाटायचा, आपून बघितला आनि काय कमी निघाला, तं बोलतील हिनंच घेतला. कुलूप हाय तवर मी सुटले."

ट्रंकेवर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं होती. गोमाजींना किंवा राघोंना ती वाचता आली असती, तर शोध कदाचित तेव्हाच लागला असता. नंबराचे पहिले चार आकडे शाबूत होते, पुढचे गंजात गेले होते. खाली 'बी. आर. पाल' आणि मग गंज. त्याखालच्या ओळीत गावाच्या नावाची शेवटची अक्षरं, 'वली', आणि पुढे 'खेड'.

दळवींनी आधी लष्करी दफ्तरात पत्र घातलं. तिकडून सभ्य उत्तर आलं की पूर्ण नंबर आणि पलटण कळवावी. दळवींना हे अपेक्षितच होतं, आयुष्यभर त्यांनी अशीच उत्तरं लिहिली होती. मग आम्ही खेड तालुक्याचा नकाशा काढला. 'वली'वर संपणारी गावं त्या तालुक्यात किती असावीत? मी अकरा शोधली, दळवींनी आणखी सहा. सतराही ठिकाणी पोस्टमास्तर आणि सरपंच यांना मी कार्डं लिहिली: आपल्या गावातून १९४३च्या सुमारास लढाईवर गेलेले भागोजी, वडिलांचं नाव 'रा'वरून, आडनाव पालांडे, पालकर, पालव किंवा तत्सम, यांच्याविषयी काही कळल्यास कृपया कळवावे.

आनंदा आईला घेऊन विठ्ठलवाडीतल्याच नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेला. ट्रंक दालनात राहिली, पण नोंदवहीत तिची नोंद नव्हती. दगडाबाईंनी तसं बजावलंच होतं. त्या दर रविवारी विठ्ठलवाडीहून यायच्या, ट्रंकेवरची धूळ पदराने पुसायच्या आणि मला विचारायच्या, "आयला का कागद?" वर्षभरात पाच कार्डं आली, सगळी नकाराची. दगडाबाई वाईट वाटून घेत नसत. "बरा," म्हणायच्या, "पाच गावां कमी झाली." आम्ही उरलेल्यांना पुन्हा लिहिलं.

मधल्या काळात त्या नुसत्या बसून राहिल्या नाहीत. झाडू हातात घेतला, कपाटाच्या काचा पुसल्या, शाळेची मुलं आली तर त्यांना पाणी दिलं. असं करता करता एक दिवस त्या भिंतीवरच्या नकाशासमोर उभ्या राहिल्या. छावणीचा जुना नकाशा होता तो, दळवींनी मोठ्या खटपटीने मिळवलेला. बराकींचे आकडे, दवाखाना, कवायतीचं मैदान, सगळं त्यात होतं.

"यं कनचा?" त्यांनी मैदानावर बोट ठेवलं.

मी सांगितलं.

"नाय बाय. यो आमचा राब. इथं बाव होती, गोर पान्याची. त्या बाजूला शेवंतीचे बापाचा खला."

इतिहासाची शिक्षिका मी, तीन वर्षं त्या नकाशासमोर उभी राहून मुलांना बराकी मोजून दाखवत होते. बराकींच्या खाली काय होतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. त्या रविवारपासून मी पातळ कागदावर दुसरा नकाशा काढायला घेतला. दगडाबाई सांगत गेल्या, मी विहिरी, खळी, भाताची रोपं वाढवायचे राब, शेतांची नावं आणि बांध लिहीत गेले. तो नकाशा पुढे आम्ही पहिल्याशेजारी लावला. आसपासच्या गावांतली माणसं तो बघायला येऊ लागली, आपापलं शेत शोधू लागली. त्याआधी त्यांच्यातलं कुणी आमच्याकडे फिरकत नसे, आणि ते का येत नाहीत हेही आम्ही कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

१९८८च्या फेब्रुवारीत एक लिफाफा आला. खेडजवळच्या एका गावच्या निवृत्त शिक्षकांनी लिहिलं होतं: "भागोजी रावजी पालांडे हे आमच्याच गावचे. १९४४ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वारले. पत्नीही बारा-पंधरा वर्षांपूर्वी गेल्या. एकच मुलगी, तुळसा. ती सध्या मुंबईकडे असते. पत्ता सोबत." पत्ता दिवा स्टेशनजवळचा होता.

सतरा गावांना दोन-दोनदा पत्रं घालून दीड वर्ष आम्ही जिला शोधत होतो, ती डोंबिवलीच्या पुढच्या दिव्यात राहत होती.

पुढच्या रविवारी दालन बंद ठेवून दळवी आणि मी दिव्याला गेलो. दगडाबाई आल्या नाहीत. "आदी तुमी बोला," म्हणाल्या. चाळ शोधत पोचलो तेव्हा तुळसाबाई नळाच्या रांगेत होत्या. पंचेचाळिशीच्या, सडसडीत, दोन हंडे आणि एक कळशी पुढ्यात.

"इथंच बोला," त्या म्हणाल्या. "आज पाणी चौथ्या दिवशी आलंय. नंबर सोडून नाही येता येणार."

तेव्हा त्या रांगेतच दळवींनी सांगितलं. ते शिस्तीत, अहवाल दिल्यासारखं सांगत होते. आपले वडील भागोजी रावजी पालांडे यांनी १९४३ साली एक ट्रंक विठ्ठलवाडीजवळ केणे यांच्या घरी ठेवली होती, ती सुस्थितीत आहे, कुलूप शाबूत आहे. तुळसाबाई ऐकत होत्या आणि रांग पुढे सरकत होती. त्यांचा नंबर आला तरी त्या हलल्या नाहीत. मागच्या बाईने काही न विचारता त्यांचे हंडे भरायला घेतले.

"कोण म्हणालात? कुणी ठेवली एवढी वर्षं?" त्यांनी विचारलं.

"दगडाबाई केणे."

"आमच्या नात्यातल्या?"

"नाही," दळवी म्हणाले. "कुणीच नाही."

ट्रंक उघडायचा दिवस ठरला. त्याआधी तीन दिवस दळवी कुलपात तेल सोडत होते, तरी ते बधलं नाही. शेवटी आनंदाच करवत-पातं घेऊन आला. तो एका कारखान्यात फिटर होता. तुळसाबाईंनी मान हलवल्यावरच त्याने पातं लावलं, आणि बराच वेळ फक्त घासण्याचा आवाज येत राहिला.

दगडाबाई मात्र कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला वाटलं त्यांना भरून आलंय. जवळ जाऊन बघितलं तर चेहरा कोरडा आणि घाबरलेला.

"काय झालं, आजी?"

"काय कमी निघाला तं?" त्या हळूच म्हणाल्या.

तुळसाबाईंनी ते ऐकलं. त्या उठल्या, दगडाबाईंचा हात धरून त्यांना ट्रंकेजवळ आणलं आणि शेजारी बसवलं. म्हणाल्या, "मावशी, आत काय होतं ते मलाही ठाऊक नाही. त्यामुळं कमी काही निघणारच नाही."

आत फार काही नव्हतंच. कसरीने खाल्लेला लोकरीचा स्वेटर. एक धोतर. पितळी तांब्या, छोटा आरसा, फणी. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लाल फलाटीण, दोनेक वार असेल, न कापलेलं. घडीवर थोडी भोकं पडली होती, रंग मात्र चांगला टिकला होता.

"यं होय," दगडाबाई एकदम म्हणाल्या. "यं माजे सासूनं निवरलेला. कल्यानचे बाजारात. त्यो बोलला, पोर होनार हाय घरा, सुटीव जाईन तवा नेईन. पोरगा का पोरगी म्हाईत नाय, रंग कनचा घेऊ? सासू बोलली, लाल घे, दोगांनाबी चालतंय."

तुळसाबाईंनी ते कापड उलगडून मांडीवर घेतलं. त्यांचा जन्म भागोजी छावणीत असतानाचा. बापाने त्यांना पाहिलं नव्हतं, त्यांनी बापाला नाही. घरात फोटो नव्हता. गावात ज्यांनी त्याला पाहिलं होतं ती माणसंही एकेक करून गेली होती.

"तुम्ही बघितलंत त्यांना," त्या म्हणाल्या. "कसे होते?"

दगडाबाई सांगायला लागल्या. उंचीला बेताचा. रंग सावळा. पुढचा एक दात तुटका, म्हणून हसताना तोंडावर हात धरायचा. जेवताना बोलायचा नाही, जेवून झालं की बोलायला लागायचा ते थांबायचा नाही. गावचा आंबा, गावची नदी, बायको भात कसा लावते, सगळं. म्हशीला घाबरायचा, गोमाजी त्यावरून चिडवायचे. जाताना सासूच्या पाया पडला आणि आतल्या अंगाला बघून म्हणाला होता, "वहिनी, मी खाल्लेल्या तुमच्या भाकऱ्यांत पलटण पोसली असती." एवढं एकच वाक्य तो त्यांच्याशी थेट बोलला होता.

तुळसाबाई रडल्या, आणि रडता रडता त्या भाकऱ्यांवर हसल्याही. आनंदा जिन्यात जाऊन उभा राहिला.

लाल फलाटीण तुळसाबाईंनी घरी नेलं. ट्रंक आणि बाकीचं सामान त्यांनी दालनाला दिलं. त्यावर आमच्या समितीत थोडा वाद झाला. दालन फक्त ठाणे-कल्याण भागातल्या सैनिकांसाठी, असा आमचा नियम होता आणि भागोजी पडले रत्नागिरी जिल्ह्याचे. दळवींसारखा नियमाचा माणूस काय म्हणेल याची मला धास्ती होती. ते म्हणाले, "माणूस तिकडचा असेल. ट्रंक पंचेचाळीस वर्षं इथली रहिवासी आहे." विषय संपला. मी पुन्हा वही उघडली आणि या वेळी दगडाबाईंना विचारून लिहिलं. देणाऱ्याच्या रकान्यात तुळसाबाईंचं नाव. सांभाळणाऱ्याचा रकाना वहीत नव्हता, तो पट्टीने आखून घेतला. दगडाबाईंनी त्यावर अंगठा उठवला. मग पूर्वीच्या सगळ्या पानांवरही मी तो रकाना आखत गेले, कारण लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक वस्तूमागे अशी कुणीतरी होती. आई, बहीण, सून. आम्ही फक्त लढणाऱ्याचं नाव विचारत आलो होतो.

त्यानंतर दगडाबाई आठ वर्षं दालनात येत राहिल्या. आता त्यांना 'आयला का कागद' असं विचारायचं काही उरलं नव्हतं, तरी येत. मुलं आली की नकाशासमोर उभ्या राहून सांगत, आणि मी माझी माहिती आवरती घेई. तुळसाबाई संक्रांतीला तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे जायच्या, मग गणपतीत, मग कधीही. दिव्याला पाण्याचे फार हाल झाले की दोन-दोन दिवस तिथेच राहायच्या. दगडाबाईंच्या सुना त्यांना वन्स म्हणू लागल्या.

१९९६पासून दगडाबाईंच्या गुडघ्यांनी जिना चढू दिला नाही. मी त्यांना भेटायला जायचे. बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी त्यांची खाट होती. एकदा मी मनात साठलेलं बोलून टाकलं. म्हटलं, "आजी, तुम्ही आला नसतात तर आमचं दालन म्हणजे नुसतं मेडलांचं कपाट राहिलं असतं. मला शिकवायचं काय ते तुमच्यामुळे कळलं. तुमचे आभार कसे मानू?"

"आभार कशाला?" त्या म्हणाल्या. "घरान जागा होती, ठेवली." वर म्हणाल्या, "तुमी त्या दिशी परत नाय धारलाव मना. तवरा उपकार पुरं हाय."

परत पाठवलं नव्हतं खरं, पण पहिल्या दिवशी मी काय लिहिलं होतं ते मला आठवत होतं. त्यांनाही आठवत असणार. पण त्यांनी तो विषय काढला नाही, सुनेला हाक मारून माझ्यासाठी भाकरी टाकायला सांगितलं.

दोन वर्षांनी दगडाबाई गेल्या, घरीच, सगळी माणसं जवळ असताना. त्यांच्या दहाव्याला दळवी आले होते, काठी टेकत. तुळसाबाई लेकीच्या जागी उभ्या होत्या.

दालन अजून तालमीवरच आहे. पुढच्या वर्षी खालची मोठी खोली मिळेल असं मंडळ म्हणतंय. दळवींना आता दर रविवारी जमत नाही. किल्ली तुळसाबाईंकडे असते. त्या दिव्याहून नऊच्या आत येतात, खिडक्या उघडतात, कपाटं पुसतात. मागच्या रविवारी घणसोलीहून एक म्हातारे गृहस्थ कागदात गुंडाळलेला कमरेचा पट्टा घेऊन आले आणि दारातच घुटमळले. मी वहीकडे हात नेला नाही. तुळसाबाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "कोण सांभाळत होतं हा, बाबा?"